पूजेचं पिस्तूल

डोळे मिटा असं मी म्हणणार नाही. मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? उघड्या डोळ्यांनीच एक चित्र मनात आणा.

एक कालवा आहे. पाणी संथ, हिरवट, कडेला गवत वाढलेलं. काठाने पायवाट जाते आणि थोडं पुढे एक जुना दगडी पूल आहे. जुलै महिना. संध्याकाळचे साडेआठ वाजून गेलेत, पण देश आयर्लंड, त्यामुळे ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळतंय. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुमच्याकडे पायाने ढकलायची स्कूटर आहे. ती दामटत तुम्ही बाबांच्या बरंच पुढे, थेट पुलावर येऊन पोचलात, आणि बाबा कुठवर आले ते बघायला मागे वळलात.

मागे तिघे जण बाबांना मारताहेत.

काय कराल? ओरडाल? धावत जाल? घाईने उत्तर देऊ नका. गिरिजालाही आधी वाटायचं, असं काही झालं तर आपण नक्की ओरडू. पण त्या दिवशी तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. ती कठड्यामागे खाली बसली आणि दोन दगडांमधल्या फटीतून बघत राहिली. सगळं बघितलं तिने. पहिला फटका मागून कानावर बसला आणि बाबांचा चष्मा उडाला. एकाच्या डोक्यावरची टोपी सरकली आणि त्याच्या मानेवर, डाव्या कानाखाली, गोंदलेला निळा पक्षी दिसला. त्यानेच चष्मा उचलला, हसला आणि कालव्यात भिरकावला. मग ते निघून गेले, बागेत फेरफटका मारून परतावं तसे.

गिरिजाचे बाबा विनय लिक्सलिप गावात कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर होते. मारहाणीत मोडलेलं हाताचं हाड जुळलं. डाव्या कानाचं ऐकणं मात्र गेलं ते गेलंच. तेव्हापासून गिरिजा त्यांच्या उजव्या बाजूने चालायला लागली.

हॉस्पिटलात, गार्डा म्हणजे तिथले पोलीस यायच्या आधी, बाबांनी तिला जवळ बोलावलं.

"गिरिजा, तू घरी होतीस."

"बट डॅड, आय सॉ..." गिरिजाला मराठी सगळं कळायचं, पण बाबांना उत्तर मात्र ती इंग्रजीतच द्यायची.

"तू घरी होतीस. कुणीही विचारलं तरी घरी होतीस. पोलिसांच्या भानगडीत तुझं नाव यायला नको."

ती घरी होती, असं कागदावर गेलं. आई, सुलेखा, तेव्हा कामावर होती. तिलाही तेच सांगितलं गेलं. बाबांना चष्म्याशिवाय समोरचा माणूस धुरासारखा दिसतो, त्यामुळे त्यांना एकाचाही चेहरा सांगता आला नाही. गार्डा दोनदा येऊन गेले, आजूबाजूला विचारून गेले. महिन्याभराने पत्र आलं. साक्षीदार नाही, म्हणून तपास तूर्त थांबवला होता.

गोष्ट तिथेच विझली असती. पण ऑगस्टमध्ये गाडीचं चाक पंक्चर झालं.

टायरच्या दुकानात जो तरुण बाहेर आला, त्याच्या शर्टाच्या खिशावर नाव विणलेलं होतं: डॅरेन. तो जॅक लावायला वाकला आणि गिरिजाला मानेवरचा निळा पक्षी दिसला. तिने बाबांची बाही ओढली. बाबा खाली वाकले. तिने उजव्या कानात सांगितलं, "दॅट्स हिम."

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. डॅरेनने काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी सवयीने मान वळवून उजवा कान पुढे केला. डॅरेनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओळख पटली असावी. मग त्याने आपला हात कानामागे धरला, बहिऱ्या म्हाताऱ्याची नक्कल करतात तसा, आणि दात काढले.

त्या दिवसापासून तो तसंच करायचा. दुकान शाळेच्या रस्त्यावरच होतं. गाडी दिसली की हात कानामागे. गिरिजा एकटी दिसली तरी हात कानामागे.

मुलांनो, राग तुम्हाला माहीत आहे. भांडणानंतर येतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत जातो, तो राग. गिरिजाचा तसा नव्हता. तो सकाळी तिच्याबरोबर उठायचा आणि बूट घालून शाळेत जायचा. तिच्या चित्रांच्या वहीत पहिल्या पानावर डॅरेनचा चेहरा होता. मारहाण झाली त्याच संध्याकाळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने तो काढला होता: पक्षी, तुटकी भुवई, टोपीच्या जॅकेटवरचा पांढरा पट्टा. पुढची पानं भरत गेली तसा तो चेहरा काळा होत गेला. शेवटच्या पानांवर तर तिने पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. त्याला दुखावं, खूप दुखावं, आणि ते मी बघावं, एवढंच तिला हवं होतं. त्या फटीमागे बसलेल्या, आवाज न फुटलेल्या मुलीवरही तिचा राग होता, पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सप्टेंबरात एकदा गृहपाठासाठी तिने घरातला लॅपटॉप उघडला. पडद्यावर पिस्तुलांची रांगच होती. अमेरिकेतली दुकानं होती ती. तिथल्या पोलीस खात्याला नवी पिस्तुलं मिळाली की जुनी पिस्तुलं व्यापाऱ्याकडे जातात, आईने जुना फ्रीज देऊन नवा आणला तशी. मग तो व्यापारी ती विकतो. 'पोलिसांनी वापरलेलं, भरवशाचं' असं प्रत्येकाखाली लिहिलेलं होतं.

बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला.

"इज इट फॉर हिम?" गिरिजाने विचारलं.

बाबांनी लॅपटॉप काखेत घेतला.

"गुड," गिरिजा म्हणाली.

आयर्लंडमध्ये अशी दुकानं नसतात. तिथले बहुतेक गार्डासुद्धा कमरेला पिस्तूल लावत नाहीत. पण ज्याला वाईट वस्तू हवीच असते, त्याला ती विकणारा वाईट माणूस कुठेतरी सापडतोच. बाबांना तो कसा सापडला हे गिरिजाला कधी कळलं नाही, आणि तुम्हाआम्हाला कळायची गरजही नाही.

आता आबांबद्दल सांगायला हवं. गिरिजाचे आजोबा, गुरुनाथ, त्याच महिन्यात सांगलीहून आले होते. आबा पोलिसात आर्मरर होते, म्हणजे पोलिसांची हत्यारं सांभाळणारे, दुरुस्त करणारे. एकतीस वर्षं त्यांनी हत्यारांच्या कोठीत काढली होती. त्यांना इंग्रजी बेताचंच यायचं, म्हणून गिरिजाला त्यांच्याशी मराठीत बोलावं लागायचं. तिचं मराठी अडखळायचं, आबा थांबून राहायचे. कधी घाई केली नाही त्यांनी.

"हत्यार हातात आलं की पहिलं काय करायचं, पोरी?" आबा भाजीची पळी तिच्या हातात देऊन विचारायचे.

"रिकामी आहे का, बघायचं."

"दुसऱ्यानं सांगितलं की रिकामं हाय, तर?"

"तरी बघायचं."

"आन् तोंड कुठं?"

"माणसाकडे नाय."

"शाब्बास. जा, आमटी वाढ आता."

खंडेनवमी जवळ आली तसे आबा हळवे झाले. त्या दिवशी कोठीत सगळी हत्यारं बाहेर काढायची. एकही आत ठेवायचं नाही. तेल-पाणी करून रांगेत मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. त्या दिवशी कुणी हत्यार चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. "इथं तुमच्याकडं काय हाय पूजेला?" आबा म्हणाले. "एक सुरी आन् विनयचे पाने. झालं!"

आबांचं ते बोलणं बाबांनी उचललं.

"आबा, एक जुनं पिस्तूल मिळतंय," ते म्हणाले. "अमेरिकन पोलिसांचं. शोभेचं असतं हो, नळी बुजवलेली, चालत नाही. पूजेला ठेवू या. तुम्ही फक्त पारखून द्या."

आबांचे डोळे असे चमकले की गिरिजाला बघवेना. "शोभेचं हाय न्हवं? कागद?"

"शोभेच्याला कसला कागद, आबा!"

इंजिनियर झालेला मुलगा आपल्याशी खोटं बोलेल हे आबांच्या मनालाही शिवलं नाही. गिरिजाला सगळं ठाऊक होतं. आबांचा शर्ट धरून सांगावं असं तिला एकदा वाटलंसुद्धा. पण मग कानामागे धरलेला तो हात आठवला, आणि ती गप्प बसली.

शनिवारी सकाळी तिघांनी आईला ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात कामावर सोडलं. "झेंडूची फुलं बघा कुठे मिळाली तर," ती उतरता उतरता म्हणाली. "आणि गिरिजा, आबांना नीट फिरव हं." गाडी वळली आणि मेनूथ गावाच्या पलीकडे, शेतांमधल्या अरुंद रस्त्याला लागली. गिरिजा मागच्या सीटवर चित्रांची वही मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकून काळ्या पडल्या होत्या.

एका फाटकाजवळ करड्या रंगाची व्हॅन उभी होती. तिच्याजवळ एक जाडा माणूस चहा पीत होता.

"हे दुकान?" आबांनी विचारलं.

"इकडे असंच असतं, आबा," बाबा म्हणाले.

व्हॅनवाल्याने फडक्यात गुंडाळलेली वस्तू आबांच्या हातात दिली. आबांनी ती पहिल्यांदा कपाळाला लावली. मग त्यांचे हात आपोआप कामाला लागले. तोंड जमिनीकडे, गोळ्यांचा खालचा खण काढला, वरचा भाग मागे ओढला, आत पाहिलं, बोट घालून पुन्हा पाहिलं.

"ही नोज हिज स्टफ, युअर मॅन," व्हॅनवाला आबांकडे बोट दाखवून बाबांना म्हणाला. तिकडे 'युअर मॅन' म्हणजे 'तो गडी'.

"गिरिजा, हिकडं ये," आबांनी हाक मारली. "बाहेरनं बघ. ही कड कशी पांढरी पडलीय? काळा रंग पार गेलाय. कातडी खोळीत रोज घालून आन् काढून घासलंय हे. कुणाच्या तरी कमरेला वीस वरसं तरी असंल. बाहेरनं पार म्हातारं. आता आत बघू. शोभेचं हाय, म्हंजी आत अंधार दिसंल."

त्यांनी आपल्या अंगठ्याचं नख मागच्या बाजूला धरलं. नखावर उजेड पडतो आणि नळीत शिरतो, ही आर्मररची जुनी युक्ती. त्यांनी एक डोळा मिटून आत पाहिलं.

आत अंधार नव्हता. आबांनी डोळा चोळून पुन्हा पाहिलं.

"काय दिसतं, आबा?" गिरिजाने विचारलं.

आबांनी तिला बघू दिलं. आत गोल गोल फिरत गेलेली रेघ होती, लखलखीत, जिन्यासारखी. जिन्याच्या शेवटी आभाळाचा एक ठिपका.

"कोरं हाय," आबा हळूच म्हणाले. "ज्याचं होतं त्यानं रोज वागवलं, आन् झाडलं म्हंजी सरावापुरतं. कोठीत अशी हत्यारं परत आली की मी त्या शिपायाला चहा पाजायचो." मग त्यांनी मान वर केली. "विनय, ह्ये जितं हाय."

त्याच क्षणी व्हॅनवाल्याने एक लहानसा खोका पुढे केला. "दीज कम विथ इट," तो म्हणाला. खोक्यात गोळ्या होत्या, पितळी, टपोऱ्या.

आबांनी गोळ्यांकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं.

"पूजेला गोळ्या लागत न्हाईत, विनय."

बाबांची मान खाली गेली, आणि त्या मान खाली जाण्याने आबांना सगळं सांगितलं. त्यांनी पिस्तूल पुन्हा तपासून फडक्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी व्हॅनवाल्याला परत दिलं. "गुड पिस्तूल," ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले. "वी नो वॉन्ट."

व्हॅनवाल्याने एक शिवी हासडली, चहा गवतात ओतला आणि धूळ उडवत निघून गेला. रस्ता इतका शांत झाला की लांबच्या शेतातली गाय चरताना ऐकू आली.

"कोणासाठी?" आबांनी विचारलं.

"आबा, तुम्हाला नाही कळणार."

"कोणासाठी, इचारतोय मी!"

"ज्याने हे केलं त्याच्यासाठी!" बाबांनी आपल्या डाव्या कानावर हात मारला. "रोज हसतो माझ्याकडे बघून. माझ्या पोरीकडे बघून हसतो! काय करू मी? त्याला हात जोडू?"

"त्योच हाय हे कसं कळलं? तुला तर दिसत नव्हतं."

बाबांनी गिरिजाकडे पाहिलं. गिरिजाला वाटलं, आपण परत त्या कठड्यामागे आहोत.

"मी," ती म्हणाली. "मी होते. पुलावर. मी बघितला त्याला."

आबा वळले. तिच्याकडे पाहून झालं, मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही, पण गिरिजाने तो तसा कधी ऐकला नव्हता.

"एकतीस वरसं पोलिसात घासली मी. साक्षीदार मिळावा म्हणून फौजदार रातभर गावं पालथी घालायचे. तुझ्या घरात साक्षीदार बसलाय, आन् तू त्याला लपवून ठेवलंस? हिच्या डोळ्यांवर भरवसा ठेवून माणूस मारायला निघालास, आन् त्याच डोळ्यांची साक्ष मात्र नको?"

"अकरा वर्षांची आहे ती, आबा! तो तिच्या शाळेच्या रस्त्यावर असतो. काही केलं त्याने तर?"

"आन् तू तुरुंगात गेल्यावर त्या रस्त्यानं हिच्यासंगं कोण जाणार? मी? माझा व्हिसा डिसेंबरात संपतोय."

बाबांनी गाडीच्या टपावर कोपर टेकले आणि चेहरा झाकून घेतला.

"मला राग न्हाई असं समजू नगंस," आबा म्हणाले. "तुझा कान बघितला त्या दिवसापास्नं माझ्या हाताला झोप न्हाई. पण गोळी घातलीस तर त्याला काय कळणार? एका दमात सुटला त्यो. मला त्यो जिता पायजे. कोर्टात हुबा पायजे, इस्त्रीचा शर्ट घालून, मान खाली घालून. मागं त्याची आई बसलेली पायजे, आन् तिच्या म्होरं वाचून दाखवायला पायजे, ह्यानं काय काय केलं ते. एक एक वळ." त्यांनी दम घेतला. "पण हे मी सांगून व्हायचं न्हाई. तू सांगूनबी न्हाई. चला, झेंडू बघायचा हाय."

ते गाडीत बसले. लिक्सलिपला पोचेपर्यंत पाऊस भुरभुरायला लागला होता. झेंडू घ्यायचा राहूनच गेला. टायरच्या दुकानाच्या अलीकडचा सिग्नल लाल झाला आणि गाडी नेमकी तिथेच थांबली.

डॅरेन दारात उभा होता. त्याला गाडी दिसली. त्याने हातातला पाना खाली ठेवला, सावकाश, मुद्दाम, आणि हात कानामागे धरला.

बाबांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. आबांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, जसं ते गंजलेल्या हत्याराकडे पाहायचे.

गिरिजाने काच खाली केली. या वेळी तिने नजर हटवली नाही. त्याची भुवई, त्याचा पक्षी, हसताना वाकडा होणारा त्याचा ओठ, सगळं तिने पुन्हा एकदा जुळवून घेतलं, पहिल्या पानाशी पडताळून पाहावं तसं. हसतं तोंड हळूहळू मिटलं. हात कानावरून खाली आला. सिग्नल हिरवा झाला तेव्हा डॅरेन तिच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

"बाबा," गिरिजा म्हणाली. मराठीत म्हणाली, म्हणून बाबांनी आरशातून मागे पाहिलं. "गाडी गार्डा स्टेशनला घे."

"गिरिजा, बाळा..."

"मी घरी नव्हते. मला सांगायचंय, मी घरी नव्हते."

बाबांनी गाडी चालू ठेवली. पुढच्या चौकात घर डावीकडे होतं. त्यांचा हात डावीकडे वळायच्या दिव्याच्या दांडीवर गेला, तिथे क्षणभर थांबला आणि परत आला. गाडी सरळ गेली.

स्टेशनातली खिडकी उंच होती. आतल्या गार्डा बाईंना आधी फक्त केस दिसले असणार. गिरिजाने ओल्या जॅकेटमधून वही काढली, काळी झालेली सगळी पानं मागे दुमडली आणि पहिलं, स्वच्छ पान खिडकीच्या फळीवर ठेवलं. बाबा तिच्या डावीकडे उभे होते, चांगला कान तिच्या बाजूला करून. आबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते.

"हाऊ आर यू, पेट?" बाईंनी लाडाने विचारलं. "कॅन आय हेल्प यू?"

गिरिजाने टाचा उंचावल्या. आवाज फुटेना, पुलावरच्यासारखाच. तिने वहीवर हात ठेवला, आणि मग ती इतक्या मोठ्यांदा बोलली की मागच्या खोलीतला एक गार्डा दारात येऊन उभा राहिला.

"आय वॉज देअर," ती म्हणाली. "आय सॉ युअर मॅन्स फेस."

आणि तिने पहिल्या फटक्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. काहीही गाळलं नाही.